पाळणा आणि पाळणाघर

कुटुंबनियोजनाच्या प्रचारामुळे मराठीत 'पाळणा लांबवणे' हा वाक्प्रचार रुळला. पहिल्या मुलानंतर दुसरे मूल उशिरा होऊ देणे, असा त्याचा अर्थ आपण सर्व जाणतो. 'पाळणाघर' हा शब्दही आता नवा राहिलेला नाही. आई कामावर जाते तेव्हा तिचे मूल जिथे सांभाळले जाते ती जागा म्हणजे पाळणाघर. पहिला शब्द आरोग्य खात्याचा आणि दुसरा नोकरदार बायकांचा, असे आपण समजून चालतो. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

संबंध आहे, पण तो सरळ रेषेसारखा नाही. 'बाई नोकरी करू लागली की मुले कमी होतात' असे एक सोपे उत्तर दिले जाते. 'मुले झाली की बाईची नोकरी सुटते' हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि दोन्हींतून एक गोष्ट सुटते. आई कामावर असते त्या सात-आठ तासांत मूल कोणाजवळ असते, ही ती गोष्ट. तिच्यावर आईचे काम अवलंबून आहे, पुढचे मूल केव्हा होणार ते अवलंबून आहे, आणि आपल्या वर्गातल्या काही मुलींची हजेरीदेखील अवलंबून आहे. म्हणून हा विषय शिक्षकांचाही आहे.

दुधाचा धागा

सुरुवात शरीरापासून करू. बाळ अंगावर पीत असते तेव्हा आईची पाळी बरेचदा काही महिने येत नाही, हा अनुभव आपल्या आज्या-पणज्यांना होता. त्यामागची यंत्रणा आज बरीच स्पष्ट झाली आहे.

बाळ स्तनाग्र ओढते तेव्हा तेथील मज्जातंतूंमार्फत मेंदूतील अधश्चेतक या भागाला संदेश जातात. अधश्चेतक एरवी ठराविक लयीने एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि तिच्या हुकमावर बीजांडकोशात बीजांड पक्व होते. बाळ वारंवार पीत असेल तर ही लय बिघडते. त्याच वेळी दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असते. परिणामी बीजांड बाहेर पडत नाही आणि गर्भ राहण्याची शक्यता खूपच कमी होते.

यात 'वारंवार' हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळ दिवसातून आणि रात्रीतून किती वेळा पिते, दोन पाजण्यांत किती अंतर पडते, यावर सारे अवलंबून असते. अंतर वाढले की लय पूर्ववत होऊ लागते. १९८८ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी यावर तीन अटी सांगितल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर हवे, आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या जात असतील तर ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. एक जरी अट मोडली तरी त्यावर विसंबता येत नाही; दुसरे साधन वापरावे लागते.

आता ही यंत्रणा कामाच्या जागेशी जोडून पाहा. कापसाच्या वेचणीला गेलेली बाई बांधावरच्या झाडाला झोळी बांधते आणि मधूनमधून बाळाला पाजते. तिचे काम कष्टाचे असते, पण बाळ हाकेच्या अंतरावर असते. कामठीत घरी विड्या वळणाऱ्या बाईचे बाळही तिच्याजवळच असते. कारखान्यात किंवा कचेरीत जाणाऱ्या बाईचे तसे नाही. ती सकाळी बाहेर पडते ती संध्याकाळी परतते. मधल्या वेळात बाळाला वरचे दूध मिळते, पाजण्यातील अंतर वाढते आणि निसर्गाने दिलेले संरक्षण लवकर संपते. दुसरे साधन हाताशी नसेल तर पुढचा गर्भ लवकर राहू शकतो. कामाच्या जागीच पाळणाघर असेल आणि पाजायला सुट्टी मिळत असेल, तर हे अंतर मर्यादेत राहते. पाळणाघरामुळे पाळणा लांबतो, तो काही अंशी असा.

गिरणीतली बाळे

ही अडचण नागपुरात शंभर वर्षांपूर्वीच पुढे आली होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीला हे नाव पडले. कापड गिरण्यांत सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका मोठ्या संख्येने असत. १९२२ च्या कारखाना कायद्यानुसार प्रौढ कामगाराला दिवसाला ११ तासांपर्यंत राबवता येत असे. इतका वेळ तान्हे बाळ घरी ठेवायचे कसे? त्या काळच्या गिरणगावांत यावर सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे अफू घातलेली बाळगोळी. गोळी दिली की बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगानेही या प्रथेची दखल घेतली. एम्प्रेस मिलसारख्या थोड्या गिरण्यांनी बाळांसाठी पाळणाघराची सोय केली, पण ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती.

कायद्याचा रस्ता लांबचा होता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात आणलेले प्रसूती-साहाय्याचे विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये कायदा केला आणि पाठोपाठ १९३० मध्ये मध्य प्रांताने, ज्याची राजधानी नागपूर होती. पुढे १९३४ च्या कारखाना कायद्याने, ५० हून अधिक स्त्रिया काम करतात अशा कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

मुंबईच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कौन्सिलात बोलले. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा हे त्यांनी मान्य केले. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असल्याने त्याची जबाबदारी पूर्णपणे टळत नाही, असेही त्यांनी सांगितले.

हा मुद्दा केवळ न्यायाचा नव्हता, तो व्यवहाराचाही होता. सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला तर काय होते ते लवकरच दिसले. गरोदरपणाची चिन्हे दिसताच बाईला कामावरून काढायचे, किंवा बायकांना कामावर घ्यायचेच नाही, अशा पळवाटा निघाल्या. नवी यंत्रे आली, स्त्रियांच्या रात्रपाळीवर आधीपासून बंदी होतीच. या साऱ्याचा परिणाम म्हणून देशभरच्या कापड गिरण्यांतून बायका हळूहळू बाहेर पडत गेल्या. आईच्या हितासाठी केलेला कायदा आईचेच काम घालवू शकतो, हा धडा आजही लागू आहे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात हा खर्च एका मालकाऐवजी सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून देण्याची सोय झाली. यामागचे तत्त्व म्हणजे जोखीम वाटून घेणे.

नागपुरातच २० जुलै १९४२ रोजी दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना रजा, भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, असे ठराव तेथे झाले. त्याच व्यासपीठावरून आंबेडकरांनी लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका, असे बजावले. बाईचे काम आणि मुलांची संख्या हे दोन विषय त्या बायकांसाठी वेगळे नव्हते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता?

आता एक शास्त्रीय अडचण पाहू. समजा, एखाद्या गावच्या पाहणीत नोकरी करणाऱ्या बायकांना सरासरी कमी मुले आहेत असे आढळले. यावरून नोकरीमुळे मुले कमी झाली असे म्हणता येईल का? नाही. मुले कमी म्हणून नोकरी जमली असेल. किंवा जास्त शिक्षणामुळे नोकरीही मिळाली असेल आणि मुलेही कमी झाली असतील. पावसाळ्यात छत्र्या आणि बेडूक दोन्ही वाढतात, पण छत्र्यांमुळे बेडूक येत नाहीत!

प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलून दुसरीवरचा परिणाम मोजतो. पण कोणाला किती मुले व्हावीत हे प्रयोगासाठी ठरवता येत नाही. मग संशोधक निसर्गाने केलेली चिठ्ठी शोधतात. जोशुआ अँग्रिस्ट आणि विल्यम इव्हान्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अशी एक युक्ती वापरली. अमेरिकेत ज्या जोडप्यांची पहिली दोन मुले एकाच लिंगाची असतात, ती तिसरे मूल होऊ देण्याची शक्यता थोडी जास्त असते. कारण अनेकांना मुलगा आणि मुलगी दोन्ही हवे असतात. दोन मुले एकाच लिंगाची असणे हा नाणेफेकीसारखा योगायोग आहे. आईच्या शिक्षणाशी किंवा पगाराशी त्याचा संबंध नाही. म्हणून या दोन गटांतील आयांच्या कामाची तुलना केली तर तिसऱ्या मुलाचा परिणाम वेगळा काढता येतो. परिणाम मिळाला: मूल वाढल्याने आईचे काम खरोखरच कमी होते. पण साध्या तुलनेत दिसतो त्यापेक्षा तो बराच कमी निघाला. म्हणजे साध्या तुलनेतला काही भाग छत्र्या-बेडकांचा होता.

ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याकडे दोन मुली असलेले घर आणि दोन मुलगे असलेले घर सारखे वागत नाही. शिवाय गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराने ती नाणेफेकसुद्धा प्रामाणिक राहिलेली नाही. तो रोखण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ मध्येच कायदा करावा लागला.

स्वीडन, इटली आणि कोरिया

देशांची तुलनाही बोधक आहे. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात हे दाखवणाऱ्या आकड्याला एकूण जननदर म्हणतात. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहायला तो सुमारे २.१ लागतो. १९८० मध्ये स्वीडनचा दर १.६८ आणि इटलीचा १.६४, म्हणजे जवळजवळ सारखा होता. स्वीडनमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रिया इटलीपेक्षा कितीतरी जास्त होत्या. नोकरीमुळेच मुले कमी होत असतील तर पुढे स्वीडनचा दर आणखी घसरायला हवा होता. घडले उलटे. १९९० मध्ये स्वीडन २.१३ वर गेला आणि इटली १.३३ वर आला.

स्वीडनने १९७४ पासून संगोपनाची रजा आई आणि बाप दोघांसाठी खुली केली होती आणि सार्वजनिक पाळणाघरे वाढवली होती. शिवाय दुसरे मूल ठराविक मुदतीत झाले तर रजेचा भत्ता आधीच्याच दराने मिळे. त्यामुळे तेथे पाळणा लांबण्याऐवजी जवळ आला. इटलीत लहान मुलांची सोय घरच्या बाईवरच राहिली, तेव्हा बाईने काम आणि मूल यांतून एकाची निवड केली.

पण घाईने निष्कर्ष काढू नये. २०२४ मध्ये स्वीडनचा दर १.४३ वर आणि इटलीचा १.१८ वर होता. दक्षिण कोरियाने २०१३ पासून पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या पाळणाघराचा खर्च उचलला, तरी २०२३ मध्ये तेथील दर ०.७२ इतका खाली गेला. तेथे कामाचे तास फार लांब आहेत आणि घरकामाचा भार बाईवरच आहे. पाळणाघर संध्याकाळी बंद होते आणि कचेरी सुटत नाही, अशी गत आहे. पाळणाघर आवश्यक आहे, पण ते एकटे पुरेसे नाही.

महाराष्ट्राचे कोडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा जननदर १९९२-९३ मध्ये २.९ च्या जवळ होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला. मुले कमी झाली की बायका मोकळ्या होतील आणि नोकरीला लागतील, असे कोणालाही वाटेल. तसे मोठ्या प्रमाणावर झालेले नाही. देशात १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये फक्त २३.३ टक्के श्रमबाजारात होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४१.७ टक्क्यांवर गेला, परंतु त्यातील मोठी वाढ ग्रामीण भागात, स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांची आहे.

यातील काही भाग क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनाने उलगडतो. त्यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेतीप्रधान समाजात बायका मोठ्या प्रमाणावर काम करतात. कारखानदारी वाढते तेव्हा काम घरापासून दूर जाते आणि बायकांचे प्रमाण घसरते. पुढे शिक्षण आणि कचेरीतील कामे वाढली की ते पुन्हा चढते. आलेख काढला तर तो इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसतो. झोळीपासून गिरणीपर्यंतचा आपला प्रवास हा या आलेखाचा उतार आहे. पलीकडची चढण आपोआप येत नाही.

दुसरा भाग वेळेचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे दिसले. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुलांची संख्या निम्मी झाली म्हणून चूल, पाणी आणि धुणे निम्मे होत नाही. एक मूल असले तरी त्याच्याजवळ कोणीतरी लागतेच.

कायदा मात्र पुढे गेला आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजे जवळजवळ सहा महिने. बाळाला निव्वळ अंगावरचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते तो काळही सहा महिन्यांचाच. मात्र येथे रजेचा पगार विम्याबाहेरच्या आस्थापनांत मालकालाच द्यावा लागतो. १९३० च्या पळवाटांची आठवण म्हणूनच ठेवायला हवी. आणि धुणीभांडी करणारी, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणारी बाई यातल्या कोणत्याच हजेरीपटावर नसते.

ताईची शाळा

मग तिचे मूल कोण सांभाळते? बहुतेक वेळा आजी. आजी नसेल तर ताई, म्हणजे आठ-दहा वर्षांची मोठी बहीण. आपल्या हजेरीपटावर हीच मुलगी 'सतत गैरहजर' म्हणून दिसते.

ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखली. बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांना दिसले की शाळा दाराशी नेली तरी मुली येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भावंड असते. म्हणून 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. ताईने भावंडासह यावे, त्याला पाळणाघरात सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे आणि काम करणाऱ्या स्त्रियांना आधार मिळावा म्हणून पाळणाघरे काढावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. अंगणवाडी १९७५ पासून आहे. पण तिच्या बालशिक्षणाचा वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि थोड्या तासांचा असतो. दीड वर्षाच्या बाळाला आणि आठ तासांच्या कामाला ती पुरत नाही. २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचे काम हाती घेतले आहे, ते याचसाठी.

या साखळीचे एक टोक आपल्याही घरात आहे. शिक्षिकेचे बाळ सांभाळायला एक बाई येते. त्या बाईचे बाळ तिची मोठी मुलगी सांभाळते. आणि ती मुलगी ज्या वर्गात यायला हवी, तो वर्ग कदाचित त्याच शिक्षिकेचा असतो. रजा, पगार आणि पाळणाघर यांची सोय साखळीच्या वरच्या कडीपर्यंतच पोचली, तर शेवटची कडी दहा वर्षांच्या मुलीच्या कमरेवर येते. तिचे शिक्षण लवकर सुटते, लग्न लवकर होते आणि पहिला पाळणाही लवकर हलतो. पुढच्या पिढीचा जननदर असा वर्गातल्या रिकाम्या जागेवरही ठरत असतो.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येक विद्यार्थ्याने नाणे दोनदा उडवावे. छाप म्हणजे मुलगी, काटा म्हणजे मुलगा. दोन्ही वेळा सारखेच आले अशी 'कुटुंबे' किती? ४० च्या वर्गात ती २० च्या आसपास यावीत. प्रयोग पाच वेळा करा आणि आकडा किती हलतो ते फळ्यावर मांडा. नाण्याला छाप-काट्यांत आवडनिवड नसते. माणसाने ती लादली तर आकडे कसे बिघडतील, यावर चर्चा करा.

२. सकाळी सहा ते रात्री दहा असे तासांचे रकाने आखा. घरातील किंवा शेजारच्या सहा वर्षांखालील मुलाजवळ प्रत्येक तासाला कोण असते ते मुलांनी लिहावे: आई, बाप, आजी, आजोबा, ताई, दादा, अंगणवाडी. कागदावर नाव लिहू नये. सगळ्या वर्गाची बेरीज करून स्तंभालेख काढा. 'बाप' आणि 'दादा' हे स्तंभ किती उंच येतात ते मुलांनीच पाहावे.

३. मागील तीन महिन्यांचा हजेरीपट घ्या. वेचणी, लग्नसराई, वीटभट्टीचा हंगाम या दिवसांत मुलींची आणि मुलांची गैरहजेरी वेगवेगळी मोजा. फरक आढळला तर तो तक्ता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा आणि गावातल्या अंगणवाडीची वेळ व शाळेची वेळ जुळते का ते विचारा. काही ठिकाणी वेळ जुळवून घेतल्यानेच एखादी ताई वर्गात परत येऊ शकेल.